बैठकीची उंची

१३ जानेवारी, मंगळवार

आज भोगी. प्रत्येकाने डोक्यावरून स्नान करावे असा दंडक असल्याने पहाटे पाचपासून एका बादलीभोवती आम्ही पाच माणसे उभी होतो. बादलीत पाणी तापवण्याचा रॉड होता. तिसऱ्या बादलीला रॉडने आधी आवाज केला, मग धूर सोडला आणि शेवटी संपूर्ण घर अंधारात लोटले. माझा मोठा भाऊ गोरक्षनाथ अंगाला साबण लावून मोरीत उभा होता. तो तिथून जे बोलला ते सणाच्या दिवशी लिहिणे योग्य नाही.

नवी वही आहे, म्हणून माणसांची नोंद करून ठेवते. पुढे वाचताना गोंधळ नको. वडील बिभीषण, यांना आम्ही अण्णा म्हणतो, हसनाबादेत शेती. आई पुष्पाबाई. आजी जयवंताबाई, जिने तरुणपणी मेंढरे राखली आणि आता आम्हाला राखते. गोरक्षनाथ, भोकरदनला बियाणांच्या दुकानात नोकरी. आणि मी, मोनिका; बी.एस्सी. तृतीय वर्ष, भौतिकशास्त्र, पाचही सत्रांत प्रथम. नाव मोनिका, माध्यम मराठी; दोहोंचा मेळ अजून बसलेला नाही.

मला अण्णांशी बोलता येत नाही. म्हणून मी अर्ज करते. ऑक्टोबरात केलेला अर्ज असा होता: “विषय: जालना येथे एम.एस्सी.साठी प्रवेश घेण्यास परवानगी मिळणेबाबत. रोज एसटीने ये-जा करीन, घरीच राहीन.” तो मी सकाळच्या चहाच्या बशीखाली ठेवला. परत आला तेव्हा त्यावर कपाचे गोल वर्तुळ होते आणि तोंडी शेरा होता: “बघू.” माझे पुढचे सारे आयुष्य सध्या त्या वर्तुळात आहे.

रॉडच्या निधनानंतर मात्र अण्णांनी अर्ध्या तासात निर्णय घेतला. गावात सातजणांनी सोलर बसवले आहे, आपणही बसवायचे.

१५ जानेवारी, गुरुवार

तातेराव मामा जालन्याहून आले. आईचे हे सख्खे भाऊ कोणत्याही कामात मध्यस्थ असतात. काम नसेल तर ते निर्माणही करतात. जुना जालना भागातील राधेश्याम नावाच्या दुकानदाराकडून त्यांनी सोलरचे मागणीपत्र आणले. टाक्या तीन मापांच्या: शंभर, दीडशे आणि दोनशे लिटर. माणशी पंचवीस लिटर धरायचे.

“घरात माणसं किती, दाजी?” मामांनी पेन उघडले.

अण्णा म्हणाले, “चार धर.”

“चार. बराबर. म्हंजे शंभरची टाकी. पुढं गोरक्षची बायको आली तर?”

“तव्हा पाच व्हतीन. तव्हाचं तव्हा बघू.”

मामांनी रकान्यात ४ लिहिले. खोलीत त्या वेळी मामा सोडून पाच माणसे बसली होती, ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही. आई डाळ निवडत होती. तिने मान आणखी खाली घातली. गोरक्षनाथ मोबाइलमध्ये पाहत राहिला. जी अजून अस्तित्वातच नाही त्या वहिनीला पंचवीस लिटरचा विचार मिळाला, आणि बसलेल्या पाचांतले एक माणूस वजा झाले!

विचार करता उलगडा झाला. आजी हंड्यात पाणी भरून तो अंगणात उन्हाला ठेवते आणि दुपारी दोनला त्याने आंघोळ करते. तळ काळा झालेला हा हंडा म्हणजे आमच्या घरातले पहिले सौर संयंत्र. अण्णांनी म्हणूनच तिला वगळले असावे. आजीच्या वतीने मला फार अपमान वाटला.

मी तिला हळूच सांगितले, “आजी, तुला धरलेच नाही.”

“मला?” ती म्हणाली. “येवढी शाळा शिकली, पर मोजता येईना तुला.”

आजीला अंकगणित समजावणे कठीण आहे.

१७ जानेवारी, शनिवार

अण्णा म्हणाले, मामांना उद्याच फोन लावतो. आई म्हणाली, “पौष सरू द्या. पौषात असलं बोलणं कोनी काढतं का?” तर असे आहे. पाण्याच्या टाकीलाही पौष वर्ज्य. एकविसावे शतक आमच्या गावच्या थांब्यावर उतरले नाही. ते सरळ पुढे निघून गेले.

२१ जानेवारी, बुधवार

पौष संपला. आज नळकाम करणारे राजानंद गच्चीची पाहणी करायला आले. जागा कोणती, यावरून वाद झाला.

आमचे घर उत्तरेला तोंड करून आहे, कारण रस्ता उत्तरेला आहे. अण्णांचे म्हणणे, सोलर पुढच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून बसवावे. मी जिन्याच्या दारात उभी होते. मनातल्या मनात मी सूर्याची बाजू मांडली. या अक्षांशावर हिवाळ्यात तो दक्षिणेकडून जातो, आमच्या रस्त्यावरून नव्हे.

राजानंदही तेच म्हणाले. “अण्णा, तोंड दक्षिणेला पाहिजे. मागच्या कोपऱ्यात घ्या.”

“मागं कोन बघनार हाये? म्हशी? एसटीतून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे.”

“पर ऊन...”

“ऊन सगळीकडंच पडतंय.”

या विधानात तथ्य आहे. पावसाबद्दलही हेच म्हणता येईल, तरी आपण छत्री डोक्यावरच धरतो.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर. गच्चीवरची थंड पाण्याची काळी टाकी सध्या जमिनीवरच ठेवली आहे. राजानंद म्हणाले, “काळी टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर पाहिजे. न्हाई तर पाणी त्यात उतरनार कसं? तिला इटांची बैठक घ्यावी लागतीय.”

“किती उंच?”

“तीन फूट बास.”

तीन फूट! मी खाली येऊन मागणीपत्रावरील आकृती पाहिली. सोलरच्या टाकीचा माथा पाच फुटांवर येतो. काळ्या टाकीचा तळ त्याच्या वर हवा. निदान सहा इंच. म्हणजे बैठक पाच फूट सहा इंच. तीन फुटांच्या बैठकीवरून पाणी वर चढवायचे तर त्याला शिडी द्यावी लागेल.

दिवसभर गच्चीवर काठी उभी करून दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली आणि संध्याकाळी अर्ज क्रमांक दोन लिहिला: “विषय: सौर संयंत्राचे तोंड दक्षिणेस ठेवणे व बैठकीची उंची पाच फूट सहा इंच करणेबाबत.” सोबत आकृती.

२२ जानेवारी, गुरुवार

बशीखालून अर्ज परत आला. कपाचे वर्तुळ नेमके दक्षिण दिशेवर आहे. शेरा नाही.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. अंगणात रांगोळीने सूर्याचा रथ काढला. ज्याला आम्ही गच्चीवर पाठ दाखवणार आहोत, त्याची सकाळी पूजा केली.

दुपारी हळदीकुंकू होते. मामांबरोबर जालन्याच्या उषाबाई आल्या. आई म्हणाली, “त्येंच्याकडं सोलर हाये. तुला काय इचारायचं ते इचार.” अनोळखी माणसासमोर माझी बोलती बंद होते, पण विषय अभ्यासाचा असल्याने मी धीर केला आणि त्यांच्या टाकीची क्षमता विचारली.

“पुरतंय की. तू चष्मा कव्हापासून लावती?”

मी सांगितले, आठवीपासून. मग त्यांची टाकी कोणत्या दिशेला आहे, हे विचारले.

“वरती हाये कुठंतरी. भाकरी येती ना थापता?”

येते, म्हटले. त्यांनी गच्ची दाखवायला सांगितली. मी पुढे जिना चढले, त्या मागून पाहत राहिल्या. गच्चीवर मी सावलीच्या खुणा दाखवत होते, पण त्यांनी माझ्या खांद्याशी आपला खांदा लावून उंची ताडून पाहिली आणि माझी वेणी हातात घेऊन म्हणाल्या, “केस लांब हायेत, छान.”

ज्यांच्या घरी संयंत्र आहे, त्यांना संयंत्राविषयी इतके कमी कुतूहल असावे, याचे वाईट वाटले. जाताना मला साडीचोळी देऊन गेल्या. बहुधा मी दिलेल्या माहितीबद्दल.

२८ जानेवारी, बुधवार

आनंदाची बातमी. अर्ज क्रमांक दोन वाया गेलेला नाही!

संध्याकाळी जिन्यात वाचत बसले होते. खाली अण्णा मामांशी फोनवर बोलत होते. ऐकू आले ते जसेच्या तसे लिहिते:

“हां, तातेराव... उंची? पाच फूट सहा इंच म्हन्ले ना तुम्ही? मंग बराबर हाये... न्हाई, न्हाई, शंभराच्या वर आपल्याला बिलकुल झेपनार न्हाई... रविवारी बैठक उरकून टाकू. पौर्णिमा हाये, दिवस चांगला... तिला काय इचारायचं? तिचं काय म्हणणं असनार हाये?”

पाच फूट सहा इंच! माझाच आकडा. अण्णा समोर कधीही मान्य करणार नाहीत. पण माझा अर्ज त्यांनी वाचला, लक्षात ठेवला आणि मामांकरवी दुकानदारापर्यंत पोहोचवला. शंभर लिटरचा हट्ट कायम आहे, हे खरे. विटांच्या बांधकामाला पौर्णिमेचा मुहूर्त पाहणे हास्यास्पद आहे, हेही खरे. शेवटचे वाक्य थोडे गूढ वाटले. पण टाकी स्त्रीलिंगी आहे, आणि टाकीचे काय म्हणणे असणार?

ज्या माणसाने दुसरा अर्ज मान्य केला, तो पहिलाही मान्य करील. आज जालन्याच्या एसटीचे वेळापत्रक पुन्हा उतरवून काढले.

३१ जानेवारी, शनिवार

उद्या बैठक. घरात जी तयारी चालली आहे ती पाहून हसू येते. आईने पुढच्या खोलीतली सतरंजी धुतली, शेजारून सहा कप आणले, पोह्यांसाठी शेंगदाणे भाजले.

“आई, बैठकीला सतरंजी कशाला?”

“बैठक हाये म्हनल्यावर लोकं काय भुईवर बसतीन?”

म्हणजे विटा रचणाऱ्या गवंड्यांना सतरंजीवर बसवून पोहे द्यायचे. श्रमाची अशी प्रतिष्ठा आमच्या घरात मी प्रथमच पाहत आहे. आईचे डोळे ओले होते. सतरंजीत धूळ फार होती.

ती म्हणाली, “उद्या वरतीच बस. बोलावलं तरच खाली ये.” हे मला सोयीचे आहे. बैठक गच्चीवरच व्हायची आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

आजचे सारे क्रमाने लिहिते.

सकाळी नऊपासून टेप, खडू आणि आकृती घेऊन मी गच्चीवर होते. अकराला जीप आली. मामा उतरले. त्यांच्यामागून पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ आणि आणखी दोघे. मी कठड्यावरून जीपमध्ये पाहिले. विटा नव्हत्या, सिमेंट नव्हते. तेव्हा आज नुसता ठराव होणार, आणि ठरावात अण्णा पुन्हा तीन फुटांवर येणार, अशी मला भीती वाटली.

अर्धा तास वाट पाहिली. खालून “उंची”, “शंभर” असे शब्द येत होते. शेवटी मी अशी गोष्ट केली जी एकवीस वर्षांत केली नव्हती. न बोलावता, आकृती हातात घेऊन, पुरुषांनी भरलेल्या खोलीत गेले आणि मोठ्याने म्हणाले:

“बैठकीची उंची पाच फूट सहा इंचांपेक्षा कमी चालणार नाही.”

पोह्यांचे चमचे थांबले. पांढऱ्या टोपीच्या गृहस्थांनी मामांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, “पोरगं पाच-सहाच हाये, बाई. बुटासकट. आता त्येला खालून इटा लावाव्या का?”

कोणीतरी हसले. मी हसले नाही, कारण मी हिशेब करत होते. पौष. उषाबाई. वेणी. भाकरी. धुतलेली सतरंजी. शंभर, म्हणजे लिटर नव्हेत, साखरपुड्याची माणसे. “तिला काय इचारायचं”, म्हणजे टाकीला नव्हे. पाच सत्रांत प्रथम आलेली मी एका शब्दाचा अर्थ चुकले होते, आणि बाकीचे सारे त्या शब्दावर मांडी घालून बसले होते.

सुपारीच्या ताटाशेजारी राधेश्यामचे मागणीपत्र पडले होते. मामा ते परत जाताना नेणार होते. त्यावर लिहिलेले: कुटुंबातील व्यक्ती, ४.

आजीला वगळलेले नव्हते.

मला त्या क्षणी खूप काही बोलायचे होते, पण दिवसाचा माझा साठा एका वाक्यात संपला होता. म्हणून मी मामांच्या खिशातले पेन काढले. चारचा पाच करणे देवनागरीत सोपे नाही. मागचा आकडा खोडावाच लागतो. मी तो खोडला, पुढे ५ लिहिले आणि कागद अण्णांसमोर ठेवला.

अण्णांनी मान वर केली नाही. टोपीवाल्या गृहस्थांनी (त्यांचे नाव कचरू, मुलाचे वडील, उषाबाईंचे यजमान) चष्मा लावून कागद वाचला. “हे पाचवं कोन?”

“तुमच्या म्होरं उभी हाये की!” आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाली. “पाच माणसं हाईत ह्या घरात. माझ्या लेकाला मोजता येईना, म्हून मी बोलून राह्यली. मी दोनशे मेंढरं रोज सांजच्याला मोजली, एक कमी भरलं तर हुडकायला गेल्ते. हितं तर पोरगी घरात आन् हिशेबातून गायब!”

“माय, आत जाय,” अण्णा म्हणाले.

“जाते. पर तिला अजून शिकायचंय. शिकून होस्तोर तिचं आंघूळीचं पाणी हितंच तापल.”

कचरूबाबांनी उरलेले पोहे शांतपणे संपवले, बशी खाली ठेवली आणि टोपी सारखी केली. “बिभीषणराव, आधी घरात मोजदाद करून घ्या. मंग आमाला बोलवा. आमची काई नाराजी न्हाई.” दारातून वळून मला म्हणाले, “पर आमच्या सोलरला सकाळी गरम पाणी का येत न्हाई, त्ये सांग.”

“काळी टाकी किती उंच आहे?”

“भुईवरच हाये.”

“मग येणार नाही,” मी म्हणाले.

जीप गेली. सुपारी ताटातच राहिली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णा बोलत नाहीत. पूर्वीही बोलत नसत, पण आता ते ठरवून बोलत नाहीत. मामांनी आईला फोनवर सांगितले की पोरीला भौतिकशास्त्र शिकवणे हीच मुळात चूक होती. गावात बातमी पसरली आहे. राजानंद दारावरून जाताना विचारते झाले, “बैठक मोडली म्हनं?” मी विचारले, “कोणती?” ते बिचारे गोंधळले.

आईने भरलेल्या माझ्या जेवणाच्या डब्यात मात्र शेंगदाण्याचा लाडू निघाला. कालही आणि आजही. लाडवाचा अर्थ लावण्याचे मी धाडस करणार नाही. अर्थ लावण्यात माझा हात सध्या चांगला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझ्या बशीखाली कागद होता.

ऑक्टोबरातला माझाच अर्ज, कपाच्या वर्तुळासह. वर्तुळाच्या आत अण्णांचे अक्षर. सातवीनंतर त्यांनी सहीखेरीज काही लिहिले असेल असे वाटत नाही. प्रत्येक अक्षर नांगरल्यासारखे खोल उमटले होते.

“माणसं पाच मान्य. टाकी दिडशेची. येमेस्सी जालना येऊन जाऊन. बैठक सव्वापाच फूट. सोलर पुढच्याच बाजूला बसनार. यात बदल न्हाई. बि.”

मी तो कागद चार वेळा वाचला. तीन इंच का कापले, ते मी विचारणार नाही; माघार घेणाऱ्यालाही तीन इंच हवे असतात. पण शेवटून दुसरी ओळ! संयंत्राचे तोंड उत्तरेला. बारा महिने, हिवाळ्यातसुद्धा. ही ओळ मान्य करणे म्हणजे सूर्याच्या भ्रमणाविषयी आजवर शिकलेले सारे खोटे आहे असे लिहून देणे. अण्णांना गावाला दाखवायला काहीतरी हवे आहे, कारण जे दाखवायचे ठरले होते ते मी मोडले.

भौतिकशास्त्र शिकायला मिळावे म्हणून मी भौतिकशास्त्राचीच आहुती दिली. खाली “मान्य” लिहिले, सही केली आणि कागद त्यांच्या बशीखाली ठेवला.

चहा पिताना ते म्हणाले, “साखर जास्ती झाली.” पाच दिवसांतले पहिले वाक्य.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संयंत्र काल बसले. रस्त्याकडे तोंड करून, एसटीतून स्पष्ट दिसेल असे. अण्णांनी संध्याकाळी रस्त्यापलीकडे उभे राहून ते दोनदा पाहिले. दीडशे का घेतली, असे कोणी विचारले तर सांगतात की दुकानात शंभरची शिल्लक नव्हती.

राजानंदांनी विटांची बैठक बांधली. मी टेप लावला. साडेपाच फूट भरली. “अण्णांनी सव्वापाच सांगितलं व्हतं,” ते हळूच म्हणाले, “पर त्ये वर चढून मोजनार हाईत व्हय?”

आज दुपारी दोन वाजता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या तापमापीने नोंदी घेतल्या. सोलरच्या नळाचे पाणी: छत्तीस अंश. अंगणातला आजीचा हंडा: एकोणचाळीस.

आजीने विचारले, “कोनाचं जास्ती?”

“तुझे.”

“मंग हंड्यातलंच घे. मी उद्या करीन आंघूळ.”

मी हंड्यातल्या पाण्याने डोक्यावरून स्नान केले. वर टाकीत माझ्या वाट्याचे तीस लिटर कोमट पाणी होते. ते मी तसेच राहू दिले.